तांदळावरचा हात

फुकटच्या चहावर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. चहा पाजणाऱ्याला काहीतरी हवं असतं, एवढं गोंदियासारख्या व्यापाऱ्यांच्या गावात राहून कळतंच. त्यामुळे डॉक्टरांनी जेव्हा त्या संग्रहालयाचं सांगितलं तेव्हा माझ्या कपाळावर आठ्या पडल्या. एका बंद पडलेल्या राईस मिलच्या गोदामात कुणीतरी शेतीच्या आणि घरातल्या जुन्या वस्तू मांडल्या आहेत. दर गुरुवारी तिथे विसरण्याचा आजार असलेल्या म्हाताऱ्या माणसांना बोलावतात, त्यांना सांभाळणाऱ्यांनाही बोलावतात. वस्तू हातात देतात, गप्पा मारतात, वर चहा-बिस्किटं. घेत काही नाहीत. मी नवऱ्याला म्हटलं, "इसमें कुछ तो है." आमच्या शहरात संशय हिंदीतूनच बरा बोलता येतो.

"जाऊन तर पाहा," तो म्हणाला. त्याला म्हणायला काय जातं? धानाच्या कोंड्याचा त्याचा धंदा, सकाळी निघाला की दिवे लागल्यावर परत. दिवसभर घरात मी आणि सासू. दोघीही संशयी, ती आजाराने, मी स्वभावाने.

सासूचं विसरणं नावांपासून सुरू झालं. मग घराची दारं चुकू लागली. मग मी कोण हे कधी आठवायचं, कधी नाही. पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून हलली नाही, ती म्हणजे तांदूळ.

आमची शेती कामठ्याला. आता ती ठेक्याने दिली आहे, पण सासूची हयात तिथेच गेली. खळ्यावर धानाची रास पडली की तिच्यावर राखेच्या रेघा ओढायची पद्धत होती, कुणी लाकडी शिक्का मारायचं. राशीत कुणी हात घातला तर खूण मोडते आणि चोरी कळते. आमच्या घरी शिक्का नव्हता. सासू रास सपाट करून तिच्यावर आपला तळहात दाबायची. डाव्या हाताची करंगळी धान कापताना विळ्याने अर्धी गेलेली, त्यामुळे तिच्या ठशाची नक्कल कुणाला करता येत नसे. ती तोच हात मुद्दाम वापरायची.

शहरात आल्यावर खळं गेलं, पण हात राहिला. स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात ती रोज हात उमटवू लागली. मी भाताला तांदूळ काढले की ठसा मोडायचा. आम्ही जेवायचो, तीही जेवायची, दोनदा मागून घ्यायची. आणि थोड्या वेळाने डबा उघडून ओरडायची, "माह्ये तांदूर कोनं नेले वो? मी सकारी हात ठेवला होता."

"आई, भात नाई का खाल्ला आत्ता? त्याचेच तांदूर काढले."

"मी कोठी खाल्ला? घरात चोट्टी शिरली आहे."

चोट्टी म्हणजे मी. हे रोज. पहिले काही दिवस मी समजावलं, मग भांडले, मग एकदा रागाच्या भरात तिचाच हात धरून डब्यात पुन्हा ठसा उमटवला आणि म्हटलं, घ्या. अर्ध्या तासाने भातात टाकायला विसरलेल्या मूठभर तांदळाची आठवण झाली, ते काढले, आणि पुन्हा तेच. आजारी माणसाचं मनावर घेऊ नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना त्यांच्याच स्वयंपाकघरात रोज चोर म्हटलं जात नसतं.

माझ्यापर्यंत होतं तोवर ठीक होतं. पण सासू हे फोनवर लेकीला सांगू लागली. माझी ननंद सालेकशाला दिलेली आहे. आधी ती हसायची. मग तिचं हसणं कमी झालं. मग एक दिवस तिने सरळ विचारलं, "वयनी, मायले पोटभर देऊन राहिली ना?"

"काऊन, तुले काय वाटते?"

"मले काई वाटत नाई. माय रोज एकच सांगते म्हणून विचारलं." मग म्हणाली, "दिवाळी झाली की मी मायले इकडे घेऊन येईन म्हणते."

त्या दिवसापासून मला झोप लागेना. ननंदेचं घर रेल्वेलाईनला लागून आहे. सासूला दार उघडं दिसलं की ती चालू लागते, कुठे ते तिलाही माहीत नसतं. ननंद दिवसभर दुकानात. रुळांवरून मालगाड्या सारख्या जात असतात. हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं आणि ते खरंही होतं. पण आतली भीती वेगळी होती. सासू सालेकशाला गेली की मी चोट्टी ठरणार होते, कायमची, सगळ्या नातलगांत. म्हातारीला उपाशी ठेवणारी सून म्हणून मी राहणार होते. आणि ते माझ्या बाबतीत खरं नाही, याची साक्ष देऊ शकणारी एकच बाई होती आणि तीच ते विसरली होती.

माझं माहेर चोरखमारा गावचं. लग्न होऊन कामठ्याला आले तेव्हा घर मोठं, आजेसासू जिवंत आणि भयंकर कडक. रोवणीच्या दिवसांत आम्ही बायका सकाळपासून चिखलाच्या बांधीत वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, लावायचो. दुपारी घरी यायचं तर घरची माणसं, गडी, पाहुणे सगळे जेवून गेलेले आणि भांडं खरवडलेलं. नवी सून मागणार कोणाला? पहिल्याच वर्षी सासूने मला डोळ्यांनी खूण केली. ओसरीतल्या रिकाम्या ढोलीत, म्हणजे धान साठवायच्या त्या बांबूच्या शेणाने सारवलेल्या कणगीत, झाकण घातलेली वाटी होती. वाटीत भात आणि वर मिरचीचा ठेचा. आजेसासूला दिसू नये म्हणून ती तिथे लपवलेली. पूर्ण रोवणीभर ती वाटी तिथे असायची. आम्ही दोघी त्याबद्दल कधी एक अक्षर बोललो नाही. मी तिला सोडायला तयार नव्हते ते या वाटीमुळे. हे ननंदेला सांगून काय उपयोग होता? ती म्हणाली असती, वयनी आता गोष्टी रचून राहिली.

असो. डॉक्टर म्हणाले तर जाऊन पाहावं म्हणून एका गुरुवारी आम्ही ई-रिक्षाने गोदामात पोचलो. तिथली मुलगी नागपूरची. "या आजी, या काकू," म्हणत पुढे आली. अनोळखी माणसांशी इतकं गोड बोलणारं माणूस मी एक तर निवडणुकीत पाहिलं आहे, नाही तर विम्याच्या कामात. मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

खुर्च्या गोल मांडल्या होत्या. सात-आठ म्हातारी माणसं, प्रत्येकाबरोबर एक थकलेलं माणूस. मुलीने आम्हा सांभाळणाऱ्यांना आधी बाजूला घेऊन एक नियम सांगितला. "इथे ‘आठवतं का’ असं विचारायचं नाही. ‘ओळखा पाहू’ पण नाही. वस्तू हातात द्यायची आणि थांबायचं."

"मंग आम्ही कायले आलो?" मी विचारलं.

"बसायला," ती म्हणाली.

माझा संशय पक्का झाला. विसरणाऱ्यांना आठवण करून द्यायची नाही, तर या कार्यक्रमाचा फायदा कुणाला? मी सगळीकडे नजर फिरवली. भिंतीला नांगर, तिफण, जातं, कोपऱ्यात मासे पकडायच्या बांबूच्या टोपल्या. हे सगळं त्यांना कुठून मिळालं असेल? म्हाताऱ्यांना गोड बोलून त्यांच्या घरातूनच ना?

त्या दिवशी मोहफुलांची टोपली फिरली. एका म्हाताऱ्याने, जो आयुष्यभर बिड्या वळत आला होता असं त्याची बायको म्हणाली, फुलं नाकाशी नेली आणि बराच वेळ एकटाच हसत राहिला. बायको त्याच्याकडे पाहत राहिली. सासूने एक फूल तोंडात टाकलं, चावलं, आणि उठून चालू लागली. मी मागे. कोपऱ्यात लाकडी स्टुलावर एक लहान ढोली ठेवली होती, घागरीपेक्षा जरा मोठी, हात बुडाशी पोचेल अशी. सासूने आत वाकून पाहिलं.

"रिकामी," ती म्हणाली.

घरी येताना रिक्षातही एकदा म्हणाली, "रिकामी आहे वो." मला वाटलं भूक लागली असेल. घरी येऊन मी आधी भात टाकला आणि त्यावरून पुन्हा चोट्टी ठरले.

आम्ही जात राहिलो. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. एक तर गुरुवारी मला कुणी चोर म्हणत नव्हतं. दुसरं, बिडीवाल्या म्हाताऱ्याच्या बायकोशी चहा पिताना बोलता यायचं; तिचा नवरा तिला मालकीण समजून घाबरत असे, त्यापेक्षा चोर बरं असं आमचं दोघींचं ठरलं. पण मी डोळे उघडे ठेवले होते. तिसऱ्या की चौथ्या वेळी मुलीने विचारलंच, "काकू, तुमच्या घरी जुनी पायली असेल का? पितळेची भांडी?"

आली मुद्द्यावर, मी मनात म्हटलं. "सगळं मोडीत दिलं," असं सांगून घरी आले आणि सासरचा पाण्याचा पितळी गुंड पलंगाखाली सरकवून वर चादर टाकली.

त्याच सुमारास डब्यातले तांदूळ खरंच कमी होऊ लागले. इतके दिवस चोरीचा आरोप खोटा होता. आता तो खरा व्हायला लागला आणि चोर मी नव्हते. आधी मला नवऱ्याचा संशय आला, कारण तो पूर्वी गच्चीवर कबुतरांना दाणे टाकायचा. तो देवाची शपथ घ्यायला निघाला. मग मला वाटलं, सासू फाटकाशी येणाऱ्या कुणाला तरी देत असेल. दोन दिवस मी खिडकीत बसून फाटकावर पाळत ठेवली. कुणी आलं नाही. मग माझा संशय त्या नागपूरच्या मुलीवर गेला. का, ते विचारू नका. आज तांदूळ, उद्या पितळ, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

दुसरीकडे सासूची वागणूक विचित्र. गोदामात पोचली की ती खुर्चीवर बसायच्या आधी ढोलीपाशी जायची, आमच्याकडे पाठ करायची आणि आत हात घालून उभी राहायची. मी चरकले. ही तिथल्या वस्तू तर उचलत नाही ना? म्हणजे चोट्टी सून कमी पडली, आता चोट्टी सासू. घरी आल्यावर ती झोपलेली पाहून मी तिच्या कमरेची पान-तंबाखूची कापडी पिशवी तपासली. तंबाखू सुटून वर्षं झाली, पण पिशवी ती सोडत नाही. आत एक वाळकी सुपारी आणि तांदळाचे चार दाणे. संग्रहालयाचं काही नव्हतं. मी पिशवी जागेवर ठेवली. आम्ही सगळे नेणाऱ्याच्या मागावर होतो. काही ठेवणारं माणूसही असू शकतं, हा संशय एवढ्या संशयी बाईला एकदाही आला नाही.

मग एका गुरुवारी मुलीने मला बाजूला घेतलं. "काकू, रागावणार नसाल तर विचारू? गोदामात उंदीर झालेत. टोपल्या कुरतडल्या. तुमच्यापैकी कुणी घरून खायला काही आणतं का?"

"आम्ही इथं चरायले येतो का?" मी म्हणाले. चहा तसाच ठेवला आणि सासूला घेऊन निघाले. पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं.

पुढच्या गुरुवारी सकाळच्या गाडीने ननंद आली. न कळवता. हातात रिकामी मोठी बॅग. दिवाळी व्हायची होती अजून, पण ती थांबायला तयार नव्हती हे बॅगेवरूनच कळलं. पाणी पिण्याआधी ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने तांदळाचा डबा उघडला. तळाशी जेमतेम थर होता. त्यावर मोडलेला ठसा.

"वयनी," ती म्हणाली, "मायचं खोटं नसन मग."

मला भयंकर राग आला. मी बाहेरच्या खोलीत आले तर सासू दाराशी उभी. लुगडं नीट नेसलेलं, पिशवी कमरेला खोचलेली, चप्पल पायात. गुरुवार आहे हे तिला कसं कळलं, देव जाणे. "चाल ना वो," ती मला म्हणाली, कुणा शेजारणीला म्हणावं तसं.

"तू पण चाल," मी ननंदेला म्हटलं. "मी मायले कोठी नेते ते तरी पाहून घे. मग ने तिले."

गोदामात मुलगी ढोलीपाशीच उभी होती, हातात मोबाईलचा टॉर्च. आम्हाला पाहून तिचा चेहरा कसनुसा झाला. उंदरांसाठी झाडलोट करताना तिने ढोलीत डोकावलं होतं आणि आत काहीतरी पांढरं दिसलं होतं. "काकू, बघा ना," म्हणत तिने टॉर्च आत धरला.

ढोलीच्या बुडाशी चार बोटं तांदूळ होते.

 ननंदेने तांदळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मुलीनेही माझ्याकडे पाहिलं. घरातून तांदूळ काढून परक्या ठिकाणी लपवणारी बाई कोण, हे दोघींनी मनात ठरवलेलं मला दिसत होतं. मी मुलीच्या हातातला टॉर्च ओढून घेतला आणि आणखी खाली वाकले. तांदूळ सपाट केलेले होते. त्यावर डावा हात उमटलेला होता. चार बोटं पूर्ण आणि करंगळी अर्धी.

"पाहा," मी ननंदेला म्हटलं. "तुह्या मायचा हात ओळखतेस ना?"

ननंद वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

तेवढ्यात मागून सासू आली. तिघींना ढोलीवर वाकलेलं पाहून तिला काही वाटलं नाही. "सरका वो बायांनो," म्हणत तिने आम्हाला बाजूला केलं, कमरेची पिशवी सोडली आणि ढोलीत रिकामी केली. मग लुगड्याच्या ओच्यात बांधलेली गाठ सोडली. त्यातही तांदूळ. आत हात घालून तिने ते सारखे केले. हे सगळं इतक्या शांतपणे की जणू कामठ्याची ओसरी आहे आणि तिथे तिच्याशिवाय कुणी नाही.

शुद्धीवर असती तर धानाच्या ढोलीत तांदूळ ठेवले म्हणून तिनेच मला झापलं असतं. सडलेल्या तांदळात पोरकिडे लवकर होतात.

मी हळूच विचारलं, "कोनाचे आहेत हे?"

तिने इकडे-तिकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी आली. "कोनाले सांगू नोको. माह्या घरी एक बाई शिरली आहे. चोट्टी आहे. डब्यात काई राहू देत नाई. म्हणून इथं आणून ठेवते मी."

"पण कोनासाठी?"

"माह्या सुनेसाठी. नवी आहे बिचारी, मागत नाई. परे लावून दुपारी येते अन् भांड्यात काई नसते." तिने ढोलीच्या काठावरून हात फिरवला. "ते चोट्टी इथपर्यंत नाई पोचत."

मला विचारायचं होतं, आई, मला ओळखलं का. मी तीच आहे. तोंडापर्यंत आलं होतं. तिथल्या नियमामुळे थांबले असं म्हणायला आवडेल, पण खरं म्हणजे ती ‘नाही’ म्हणेल याची भीती वाटली. इतके दिवस जिच्यापासून ती तांदूळ लपवत होती ती मी, आणि जिच्यासाठी लपवत होती तीही मीच. मी रडले. ननंदेसमोर, त्या गोड बोलणाऱ्या मुलीसमोर, बिडीवाल्या म्हाताऱ्यासमोर. मला त्याची लाज वाटली नाही.

सासूला माझं रडणं कळलं नाही. ती कामात होती. तिने तांदळावर डावा हात दाबून पाहिला, पण हात थरथरत होता आणि ठसा फिसकटला. दोनदा असं झालं. मग तिने माझं मनगट धरलं. "तुह्यावाला हात दे. माह्यावाला आता कापते."

मी वाकून हात आत घातला. तांदूळ थंड होते. तिने माझ्या हातावर आपला हात ठेवून जोर दिला आणि मग सावकाश दोन्ही हात वर काढले. ठसा स्वच्छ उमटला होता, करंगळीसकट.

"आता कोनी नाई नेत," ती म्हणाली आणि खुर्चीवर जाऊन बसली. त्या दिवशी सूप फिरत होतं. तिने ते हातात आल्याबरोबर पाखडायला सुरुवात केली.

सासूची कुजबुज ननंदेलाही ऐकू गेली होती, वाटीचं मी घरी येताना तिला सांगितलं. ननंद संध्याकाळच्या गाडीने परत गेली. मोठी बॅग रिकामीच होती. रिक्षात बसताना म्हणाली, "वयनी, ढोलीचं मले कधी नाई सांगितलं तुम्ही दोघींनी." मी म्हटलं, "तुह्या आजीच्या भीतीनं." ती हसली, पण डोळे पुसत. फोन ती आताही रोज करते, पण जेवणाचं विचारत नाही.

संग्रहालयातल्या मुलीने ढोलीत झाकणाचा स्टीलचा डबा बसवला आहे, उंदरांसाठी. सासू तांदूळ आणते, त्यात टाकते, आणि हात मी उमटवते. महिन्याकाठी मी ते गुपचूप घरी आणून डब्यात ओतते. तो चहा मी आता पिते. पितळी गुंड मात्र अजून पलंगाखालीच आहे. एवढ्यात सगळंच सोडून द्यायला मी काही वेडी नाही.

घरी पुन्हा तेच चालू आहे. परवा जेवणं झाल्यावर सासूने डबा उघडला आणि ठसा मोडलेला पाहून मला हाक मारली.

"माह्ये तांदूर कोनं नेले वो?"

पूर्वी मी वाद घातला असता. "त्याच बाईनं," मी म्हटलं.

सासूने डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि झाकण लावून टाकलं.

"नेऊ दे," ती म्हणाली. "सुनेचे मी अलग ठेवले आहेत."